युरोपात शिकताना शनिवार-रविवारची परदेश सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेंगेन क्षेत्रातील (म्हणजे आपसांतल्या सीमांवर नेहमीची तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातील) एखाद्या देशात, त्यातही विशेषतः जर्मनीत, शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांकडून दर सत्राच्या सुरुवातीला जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शुक्रवारी संध्याकाळी निघायचे, रविवारी रात्री परतायचे, सोबत एक मित्र किंवा मैत्रीण असणार आणि खर्च महिन्याच्या हिशेबाला झेपेल इतकाच ठेवायचा, अशी सहल गृहीत धरली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन विषय एकमेकांत गुंतलेले आहेत तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी जर्मनीत विद्यार्थी म्हणून राहतो. शेजारच्या देशात दोन दिवस जाण्यासाठी वेगळा व्हिसा काढावा लागतो का?

तो देश शेंगेन क्षेत्रात असेल तर लागत नाही. तुमच्याकडे मुदतीतला पासपोर्ट आणि मुदतीतले रेसिडेन्स परमिटचे कार्ड असेल, किंवा कार्ड मिळेपर्यंत दीर्घ मुदतीचा 'डी' प्रकारचा व्हिसा असेल, तर इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ज्या देशाने परवाना दिला आहे तिथले तुमचे दिवस या नव्वदांत मोजले जात नाहीत.

गोंधळ होतो तो शेंगेन आणि युरोपीय संघ एकच समजल्यामुळे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हे देश संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. याउलट आयर्लंड आणि सायप्रस संघात असून शेंगेनमध्ये नाहीत. क्रोएशिया २०२३ च्या आरंभी शेंगेनमध्ये आला, तर रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी भारतीय पासपोर्टधारकाला वेगळा व्हिसा काढावा लागतो. त्या व्हिसाचा खर्च आणि त्यात जाणारा वेळ पाहता केवळ दोन दिवसांसाठी तो काढू नये, असे आमचे मत आहे; तो काढायचाच असेल तर आठवडाभराच्या सुट्टीत काढावा. भारतातून टुरिस्ट व्हिसावर आलेल्या मित्रासाठीचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी प्रश्न २० पाहा.

२. सीमेवर कोणी तपासत नाही असे सगळे सांगतात. मग पासपोर्ट सोबत का न्यायचा? मोबाइलमधला फोटो चालत नाही का?

चालत नाही. सीमेवर नेहमीची तपासणी नसली तरी कागदपत्रे जवळ बाळगण्याची जबाबदारी संपत नाही, आणि तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू करण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्व भूसीमांवर अशी तपासणी सुरू केली. प्रत्यक्षात हे असे घडते: रात्रीची बस सीमेजवळच्या थांब्यावर बाजूला घेतली जाते, दिवे लागतात, दोन पोलीस आत येतात आणि प्रत्येक आसनापाशी थांबून मूळ कागदपत्रे मागतात. त्या वेळी पासपोर्ट आणि कार्ड ही दोन्ही हातात असावी लागतात, कारण एकट्या कार्डाने किंवा एकट्या पासपोर्टने तुमचा हक्क सिद्ध होत नाही. विद्यापीठाचे ओळखपत्र हा प्रवासाचा दस्तऐवज नव्हे. पासपोर्ट बसच्या पोटात ठेवलेल्या बॅगेत ठेवू नये.

३. दोन दिवसांत किती शहरे पाहता येतील?

एक. हे उत्तर पुष्कळांना आवडत नाही, म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो.

शनिवारी सकाळी नऊला तुम्ही शहरात पोहोचलात आणि रविवारी संध्याकाळी सहाला निघालात, तर मधले तास तेहतीस होतात. त्यातले आठ झोपेचे, चार-पाच जेवणखाण आणि अंघोळीचे, दोन-तीन हॉस्टेलमध्ये (प्रवाशांसाठीच्या स्वस्त, सामायिक खोल्यांच्या निवासात) दाखल होण्याचे, सामान ठेवण्याचे आणि रस्ता शोधण्याचे. प्रत्यक्ष पाहण्यासाठी सतरा-अठरा तास उरतात. मध्ये दुसरे शहर घातले की सामान बांधणे, स्थानकावर जाणे, गाडीची वाट पाहणे, प्रवास, नव्या शहरातल्या तिकिटांची व्यवस्था समजून घेणे आणि पुन्हा सामान ठेवायला जागा शोधणे यांत किमान पाच तास जातात, म्हणजे पाहण्याच्या वेळेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग स्थानकांवर खर्च होतो. शिवाय दोन शहरांमधले तिकीट, दुसऱ्या शहरातला वाहतुकीचा पास आणि लॉकरचे भाडे हा खर्च वेगळा. कमी खर्चाच्या छोट्या सहलीत पैशांपेक्षा वेळ अधिक तुटपुंजा असतो, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हाच निकष वापरला आहे.

अपवाद आहेत. व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा यांच्यात रेल्वेने साधारण तासाभराचे अंतर आहे, त्यामुळे मुक्काम एकाच ठिकाणी ठेवून दुसरी राजधानी अर्ध्या दिवसात पाहून येता येते. मुक्काम न हलवता होणारी अशी जोडी असेल तरच दुसरे शहर घ्यावे.

४. पहिल्याच सहलीसाठी कुठे जावे?

दारापासून दारापर्यंत सहा तासांत जमिनीमार्गे पोहोचता येईल अशा ठिकाणांची यादी करावी आणि तिच्यातूनच निवड करावी. जर्मनीतून प्राग, व्हिएन्ना, अॅमस्टरडॅम, स्ट्रासबुर्ग, झाल्त्सबुर्ग, लक्झेंबर्ग यांपैकी कोणते ना कोणते शहर बहुतेकांच्या टप्प्यात येते. जेवण आणि मुक्काम यांचा खर्च प्राग, क्राकुफ किंवा बुडापेस्टमध्ये झ्युरिक किंवा कोपनहेगनपेक्षा पुष्कळ कमी होतो, आणि दोन रात्रींच्या सहलीत तिकिटातला फरक त्यातून सहज भरून निघतो.

अगदी कमी पैशांत सीमा ओलांडायची असेल तर सीमेलगतची शहरे निवडावीत, आणि आमच्या मते त्यांच्याकडे विद्यार्थ्यांचे विनाकारण दुर्लक्ष होते. जर्मनीतील केल येथून ऱ्हाइन नदी ओलांडून थेट स्ट्रासबुर्गमध्ये जाणारी ट्राम २०१७ पासून धावते आहे. ग्योर्लित्स येथे नाइसे नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की पोलंडमधले झ्गोझेलेत्स लागते. आखेनजवळ जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथे मिळतात त्या टेकडीवर एकाच दुपारी तीन देशांत पाय ठेवता येतो. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून संपूर्ण देशातील बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांना मोफत आहे, पाहुण्यांनाही. ज्यांच्याकडे डॉइचलँडटिकेट (जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांना आणि शहरी वाहतुकीला चालणारे महिन्याचे तिकीट) किंवा त्याचा विद्यार्थ्यांसाठीचा प्रकार आहे, त्यांना त्याच तिकिटावर प्रादेशिक गाड्यांनी झाल्त्सबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत जाता येते; मात्र आयसीई आणि आयसी या जलद गाड्यांना ते चालत नाही.

५. विमान, बस आणि रेल्वे यांत खरोखर स्वस्त काय पडते?

तिकिटावर छापलेली किंमत पाहून याचे उत्तर मिळत नाही. विमानाच्या तिकिटात चार गोष्टी मिळवाव्या लागतात: घरून विमानतळापर्यंतचे भाडे, तिकडच्या विमानतळापासून शहरापर्यंतचे भाडे, सामानाचे शुल्क आणि आधी पोहोचण्यात जाणारे दोन तास. स्वस्त विमाने पुष्कळदा शहराचे नाव लावलेल्या पण शहरापासून दूर असलेल्या विमानतळांवर उतरतात. पॅरिसचा म्हणून विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरांहून अधिक दूर आहे, फ्रँकफुर्ट-हान हा फ्रँकफुर्टपासून शंभर किलोमीटरांहून अधिक, आणि म्युनिकचे विमानतळ म्हणून दाखवला जाणारा मेमिंगेन म्युनिकपासून साधारण एकशेदहा किलोमीटरांवर आहे. अशा वेळी पंधरा युरोंच्या तिकिटाला दोन्ही टोकांच्या बसची जोड दिली की ते थेट बसपेक्षा महाग पडते, शिवाय अर्धा दिवस जातो.

सर्वसाधारणपणे सहा-सात तासांच्या आतल्या अंतराला बस स्वस्त पडते, आणि काही आठवडे आधी सवलतीचे तिकीट मिळाले तर रेल्वे सर्वांत सोयीची, कारण ती शहराच्या मध्यभागी सोडते. हजार किलोमीटरांपलीकडे विमानाला पर्याय राहत नाही. इंटररेल पास (अनेक देशांतल्या रेल्वेसाठीचा एकच पास) हा युरोपात राहणाऱ्या कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या व्यक्तीला घेता येतो आणि २७ वर्षांपर्यंत त्यात सवलतही आहे, परंतु एक जाणे आणि एक येणे एवढ्यासाठी तो क्वचितच परवडतो.

६. जाताना आणि येताना दोन्ही रात्री बसमध्ये काढल्या तर मुक्कामाचा खर्च वाचेल. तसे करावे का?

जाताना चालेल, येताना करू नये, सोमवारी सकाळी तास किंवा प्रयोगशाळा असेल तर मुळीच करू नये. बसमधली झोप तुटक असते, आणि शनिवारी सकाळी सहाला परक्या स्थानकावर उतरल्यावर हॉस्टेलची खोली दुपारी दोन-तीनपर्यंत मिळत नाही. त्यासाठी आधीच कळवून सामान हॉस्टेलमध्ये ठेवण्याची आणि शक्य असल्यास अंघोळीची सोय विचारून घ्यावी. बहुतेक हॉस्टेले सामान ठेवू देतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस रात्रीचा प्रवास असेल तर प्रश्न १९ अवश्य वाचा.

७. तिकिटावर नाव कसे लिहावे? माझ्या पासपोर्टवर वडिलांचे नावही आहे.

महाराष्ट्रातील पुष्कळांच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असते. तिकीट काढताना 'फर्स्ट नेम' या जागी गिव्हन नेमचा संपूर्ण मजकूर तसाच लिहावा. संशय आला तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन ओळी चिन्हांसह छापलेल्या असतात, त्यांतील नावाचा क्रम प्रमाण मानावा. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर प्रत्येक कंपनीची सूचना वेगळी असते, ती तिकीट काढण्यापूर्वीच वाचावी, कारण नंतर नाव बदलण्याचे शुल्क तिकिटापेक्षा जास्त असू शकते. दोघांचे तिकीट एकाने काढताना हमखास होणारी चूक म्हणजे मित्राचे रोजच्या हाकेचे नाव लिहिणे. मित्राच्या पासपोर्टचा फोटो समोर ठेवूनच अर्ज भरावा.

८. बोर्डिंग पास मोबाइलवर आला आहे. तरीही विमानतळावर काउंटरवर जावे लागते का?

भारतीय पासपोर्ट असेल तर पुष्कळदा जावे लागते. काही स्वस्त विमान कंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांची कागदपत्रे सुरक्षा तपासणीपूर्वी स्वतः पाहतात आणि तशी सूचना बोर्डिंग पासवर असते. ती बारीक अक्षरांत असल्यामुळे सुटते, मग थेट विमानाच्या दारापाशी अडवले जाते आणि मागे फिरून काउंटर गाठायला वेळ उरत नाही. तपासणीचा काउंटर विमान सुटण्यापूर्वी ठरावीक वेळ आधी बंद होतो, म्हणून सोबतच्या युरोपीय मित्रापेक्षा तुम्हाला अर्धा-पाऊण तास आधी पोहोचणे आवश्यक आहे, हे त्यालाही आधीच सांगून ठेवावे.

९. केवळ मोफत बॅगेवर दोन दिवस निभावतील का?

निभावतात. आसनाखाली मावणारी एक बॅग मोफत असते. रायनएअर आणि विझ एअर या स्वस्त विमान कंपन्यांची मर्यादा सध्या ४० × ३० × २० सेंटिमीटर आहे आणि ती चाके व दांड्यासह मोजतात. त्यामुळे कापडी पाठपिशवी बरी. द्रव पदार्थांचा प्रत्येक डबा शंभर मिलिलिटरपर्यंतचा असावा. तूप, लोणचे आणि पातळ चटणी हेही द्रवातच धरले जातात. चिवडा, चकली, लाडू आणि थेपले यांना अडचण येत नाही.

१०. हॉस्टेल निवडताना काय पाहावे? नोंदणीत दाखवलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे का मागतात?

जास्तीची रक्कम बहुधा शहराच्या पर्यटक कराची असते. तो दर माणशी दर रात्री किंवा भाड्याच्या टक्केवारीने आकारतात आणि पुष्कळदा दाखल होतानाच घेतात. अॅमस्टरडॅममध्ये तो २०२४ पासून भाड्याच्या साडेबारा टक्के आहे, म्हणून दोन हॉस्टेलांची तुलना करताना करासह रक्कम पाहावी. व्हेनिसची गोष्ट निराळी आहे: तिथे २०२४ पासून वर्षातील ठरावीक दिवशी, तेही केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून, प्रवेश शुल्क घेतात. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, पण त्यांनाही संकेतस्थळावर सवलतीची नोंद करून कोड घ्यावा लागतो.

निवडताना रेल्वे किंवा मेट्रो स्थानकापासूनचे अंतर, रात्री उशिरा दाखल होता येते का, लॉकर आहे का आणि स्वयंपाकघर वापरता येते का, एवढे पाहिले तरी पुरते. कुलूप स्वतःचे न्यावे. मुलींसाठी स्वतंत्र खोली हवी असेल तर ती नोंदणीच्या वेळीच निवडावी लागते, ऐनवेळी मिळेलच असे नाही. दाखल होताना पासपोर्ट मागितला म्हणून बिचकू नये. अनेक देशांत पाहुण्यांची नोंद ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

११. जिथे युरो चालत नाही तिथे पैसे कसे द्यावेत?

प्रथम देशाचे चलन पाहावे. चेक प्रजासत्ताक, पोलंड, हंगेरी, डेन्मार्क, स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांची चलने स्वतंत्र आहेत. क्रोएशियात २०२३ पासून आणि बल्गेरियात २०२६ पासून युरो आहे. शक्य तिथे कार्डाने पैसे द्यावेत आणि रोख रक्कम अगदी थोडी काढावी.

सर्वाधिक पैसे वाया जातात ते एका बटणामुळे. प्रागमध्ये एटीएममधून दोन हजार कोरुना काढायला गेलात की पडद्यावर युरोमधली रक्कम ठळकपणे येते आणि 'रूपांतर स्वीकारा' असे बटण पुढे असते. त्याच्या शेजारी किंवा खाली लहान अक्षरांत 'रूपांतराशिवाय पुढे जा' असा पर्याय असतो. नेहमी हा दुसरा पर्याय निवडावा. पहिल्यात यंत्राची मालक कंपनी स्वतःच्या दराने रूपांतर करते आणि तो दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा बहुधा बराच वाईट असतो. दुकानातल्या कार्ड यंत्रावर 'युरो की स्थानिक चलन' असे विचारले तर तिथेही स्थानिक चलनच सांगावे.

चेक प्रजासत्ताकात चलन बदलणाऱ्या दुकानात फसगत झाल्यासारखे वाटले तर, २०१९ पासूनच्या कायद्यानुसार, एक हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात. पावती मात्र हवी.

१२. दोघांचा खर्च कसा वाटून घ्यावा म्हणजे मैत्रीत कटुता येणार नाही?

निघण्यापूर्वी दोघांनी सारखी वर्गणी काढून एका कार्डावर किंवा पाकिटात ठेवावी आणि मुक्काम, शहरातली वाहतूक व समाईक जेवण त्यातूनच भागवावे. संग्रहालयाची तिकिटे, खरेदी, कॉफी ही ज्याची त्याने द्यावीत. पैशांच्या रकमेपेक्षा अपेक्षांवरून वाद होतात. एकाला तीनशे पायऱ्या चढून मनोऱ्यावर जायचे असते आणि दुसऱ्याला नदीकाठी बसायचे असते, आणि हे शनिवारी दुपारी उपाशीपोटी ठरवायची वेळ आली की सूर बिघडतो. म्हणून प्रत्येकाने 'हे पाहिल्याशिवाय परतणार नाही' असे एकच ठिकाण आधी सांगावे, ती दोन ठिकाणे पक्की धरावीत, आणि रविवारी सकाळचे दोन तास दोघांनी वेगवेगळे हिंडायलाही हरकत मानू नये.

१३. विद्यार्थी म्हणून संग्रहालयांत सवलत मिळते का? एके ठिकाणी मिळाली आणि दुसरीकडे नाकारली, असे का?

सवलतीचे तीन निकष असतात आणि फलकावर ते नीट वाचावे लागतात: नागरिकत्व, वास्तव्य आणि विद्यार्थी असणे. फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत २६ वर्षांखालील युरोपीय रहिवाशांना प्रवेश मोफत आहे, आणि दीर्घ मुदतीचा परवाना असलेले भारतीय विद्यार्थी त्यात बसतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या दारात कार्ड दाखवावे लागते. माद्रिदच्या प्रादोमध्ये १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना नागरिकत्व न पाहता मोफत प्रवेश आहे. याउलट इटलीच्या सरकारी संग्रहालयांतले १८ ते २५ वयासाठीचे दोन युरोंचे तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. केवळ तिथे राहता किंवा शिकता म्हणून त्यावर हक्क सांगता येत नाही. म्हणून विद्यापीठाचे ओळखपत्र आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही जवळ ठेवावे आणि आधी वास्तव्याच्या आधारे विचारावे.

१४. प्रेक्षणीय स्थळांची तिकिटे आधी काढावीत की तिथे गेल्यावर?

प्रत्येकाचे जे एक पक्के ठिकाण आहे (प्रश्न १२) त्याचे आधी काढावे, बाकीचे सोडून द्यावे. मोफत प्रवेश असला तरी वेळेची नोंदणी लागू शकते. बर्लिनच्या राइश्टाग इमारतीचा काचेचा घुमट मोफत पाहता येतो, पण त्यासाठी नाव आणि जन्मतारीख देऊन आधी नोंदणी करणे उत्तम. अॅमस्टरडॅममधल्या अॅन फ्रँक गृहाची तिकिटे केवळ संकेतस्थळावर मिळतात आणि ती दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. शनिवारची तिकिटे लवकर संपतात, त्यामुळे तिथे जायचे तर सहलीची तारीखच त्या तिकिटावरून ठरवावी.

व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात, अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने रांग फार मोठी असते. इटलीतील सरकारी स्थळे महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात. सहलीला जोडून सोमवार घेणार असाल तर पॅरिसमधले ओर्से संग्रहालय सोमवारी आणि लूव्र मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

१५. शहरातल्या ट्राम-मेट्रोचे तिकीट काढले होते, तरी दंड झाला. असे कसे?

बहुधा तिकिटावर वेळेचा शिक्का मारायचा राहिला असेल. युरोपातील अनेक शहरांत फलाटावर फिरते दरवाजे नसतात. कागदी तिकीट विकत घेणे आणि ते सुरू करणे या दोन वेगळ्या कृती असतात. प्रागच्या मेट्रोत सरकत्या जिन्यापूर्वी पिवळे यंत्र असते, त्यात तिकीट घातले की तारीख आणि वेळ छापली जाते आणि तिथून मिनिटे मोजायला लागतात. इटलीत प्रादेशिक रेल्वेचे कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी असेच छापून घ्यावे लागते. साध्या कपड्यांतले तपासनीस ओळखपत्र दाखवतात. ते मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. दोघांची तिकिटे असतील तर दोन्ही छापावीत.

१६. शाकाहारी आहे. खर्च आटोक्यात ठेवून काय खावे?

सकाळी सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळे आणि दही घ्यावे, एक वेळचे जेवण बसून घ्यावे आणि तेही दुपारी, कारण अनेक ठिकाणी दुपारचा ठरलेला मेन्यू रात्रीपेक्षा स्वस्त असतो. फलाफल बहुतेक शहरांत सापडते. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. मासे आणि मांसाच्या अर्कातले सूप यांचा वेगळा उल्लेख करावा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात, पोलंडमध्येही बहुतेक रविवारी मोठी दुकाने उघडत नाहीत. मोठ्या स्थानकांवरची काही दुकाने मात्र चालू असतात. म्हणून रविवारची शिदोरी शनिवारी संध्याकाळीच घ्यावी. नळाचे पाणी जवळजवळ सगळीकडे पिण्यायोग्य आहे, तेव्हा रिकामी बाटली सोबत असावी.

१७. तिकडे आजारी पडलो तर माझा विमा चालेल का? आणि मोबाइल?

जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विमा असेल तर कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेले असते आणि संघातील बहुतेक देशांत आवश्यक उपचार त्यावर मिळतात. इथे एक महत्त्वाचा अपवाद आहे: संघाबाहेरच्या नागरिकांना हे कार्ड डेन्मार्क, आइसलँड, लिख्टेनश्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड येथे वापरता येत नाही. या देशांसाठी, तसेच खासगी विमा असलेल्यांनी कुठेही जाताना, काही युरोंचा प्रवास विमा वेगळा काढावा. यात काटकसर करू नये. आणीबाणीचा ११२ हा क्रमांक संपूर्ण संघात मोफत लागतो.

मोबाइलचे रोमिंग शुल्क संघात २०१७ पासून बंद आहे, पण स्वित्झर्लंड त्यात येत नाही. बाझेलसारख्या सीमेवरच्या शहरात डेटा रोमिंग आधीच बंद करून नकाशा उतरवून ठेवावा.

१८. गाडी किंवा विमान उशिरा आले, किंवा रद्द झाले, तर भरपाई मिळते का?

मिळते, आणि त्यासाठी युरोपीय नागरिक असण्याची अट नाही. संघातल्या विमानतळावरून सुटणारे विमान मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले, तर १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई आहे. वादळासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर ही रक्कम मिळत नाही, पण वाट पाहताना खाण्यापिण्याची आणि रात्र काढावी लागल्यास मुक्कामाची सोय कंपनीनेच करायची असते. विमान रद्द झाले तर पैसे परत घ्यायचे की दुसरे विमान, हे तुम्ही ठरवायचे असते. घाईने पैसे परत घेतले की पुढे पोहोचवण्याची जबाबदारी संपते, म्हणून आधी परतीचा दुसरा मार्ग मागावा.

रेल्वेत एक तासाहून अधिक उशिराला तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक उशिराला ५० टक्के परतावा मिळतो. यातही हाताबाहेरच्या कारणांचा अपवाद आहे. दोन वेगवेगळी तिकिटे काढून जोडलेल्या प्रवासात पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. त्यामुळे रविवारच्या परतीसाठी दिवसातली शेवटची गाडी कधीही निवडू नये.

१९. घड्याळे बदलतात त्या रविवारी प्रवास असेल तर काय होते?

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येते. मार्चमध्ये झोपेचा एक तास कमी होतो आणि रविवारी सकाळच्या नोंदणीची वेळ चुकण्याचा धोका असतो. मोबाइल आपोआप बदलतो, हातातले घड्याळ बदलत नाही. ऑक्टोबरमध्ये दोन ते तीन हा तास दोनदा येतो. तिकिटावरची वेळ नेहमी स्थानिक असते. त्या तासात सुटणारी बस असेल तर कंपनीच्या अॅपवर आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी.

२०. भारतातून मित्र टुरिस्ट व्हिसावर मला भेटायला आला आहे. त्याला घेऊन शेजारच्या देशात जाता येईल का?

शेंगेन क्षेत्राच्या आत जाता येईल. मुख्य मुक्काम ज्या देशात आहे त्या देशाचा व्हिसा असला की मधल्या दोन दिवसांची सहल नियमाला धरूनच आहे. मात्र व्हिसावर लिहिलेली प्रवेशांची संख्या पाहावी. तिथे एकच प्रवेश असेल आणि तुम्ही बेलग्रेड, इस्तंबूल किंवा लंडनला गेलात, तर बाहेर पडताक्षणी तो व्हिसा संपतो आणि मित्राला परत येता येत नाही, मग विमान त्याच संध्याकाळचे असले तरी. स्वस्त तिकीट शेंगेनबाहेरच्या विमानतळावरून जात असेल तर त्यालाही हेच लागू होते.

त्याच्या विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असते. तो कागद आणि मुक्कामाची नोंदणी सोबत ठेवावी. ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या सीमांवर बोटांचे ठसे व चेहऱ्याची नोंद घेणारी नवी यंत्रणा सुरू झाली आहे. ती अल्प मुदतीच्या प्रवाशांसाठी आहे. रेसिडेन्स परमिट असलेल्या तुम्हाला ती लागू नाही, म्हणून विमानतळावर तुमची आणि त्याची रांग वेगळी होऊ शकते.

२१. माझ्या परमिटची मुदत संपली आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित आहे. या काळात जाऊ का?

परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत जाऊ नये. जर्मनीत अशा काळात जे तात्पुरते प्रमाणपत्र मिळते त्याचे प्रकार आहेत. त्यांपैकी एक आधीचा परवाना त्याच हक्कांसह चालू ठेवतो, तर दुसऱ्याने केवळ देशात राहण्याची मुभा मिळते आणि बाहेर पडल्यास परतीचा हक्क राहत नाही. कोणत्या चौकटीत खूण केली आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि बसमधल्या पोलिसाला (प्रश्न २) ते जर्मन भाषेतून समजावून सांगण्याची वेळ येऊ नये. तोवर देशातल्या देशात हिंडायला हरकत नाही.

२२. सहलीत पासपोर्ट हरवला तर?

लगेच स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि त्या देशातील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. दूतावासाकडून तातडीने मिळणारे इमर्जन्सी सर्टिफिकेट हे केवळ भारतात परतण्यासाठी असते. ते घेऊन विद्यापीठाच्या गावी येता येत नाही. म्हणून तुम्हाला भारतात जायचे नसून शिक्षणाच्या देशात परतायचे आहे आणि रेसिडेन्स परमिट जवळ आहे, हे दूतावासाला पहिल्याच फोनमध्ये स्पष्ट सांगावे. यासाठीच पासपोर्ट आणि कार्ड एकाच पाकिटात ठेवू नयेत, आणि दोघांनी एकमेकांच्या कागदपत्रांची प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी.